न्याय घेतला, दया वगळली

दिल्लीहून महाराष्ट्राकडे जाणाऱ्या मराठी माणसाला झाशीचे स्थानक नवे नाही. पंजाब मेल असो, झेलम असो की गोवा एक्स्प्रेस. ग्वाल्हेर मागे पडले की झाशी येते आणि राणीच्या आठवणीने डब्यातले एखादे तरी मूल खिडकीशी धावते. (2021 च्या अखेरीस स्थानकालाही राणीचे नाव मिळाले.) त्याच वर्षी 19 मार्च रोजी याच स्थानकावर जे घडले, त्याकडे मात्र आपल्यापैकी फारच थोड्यांचे लक्ष गेले. दिल्लीहून राउरकेल्याला निघालेल्या दोन कॅथलिक धर्मभगिनी आणि त्यांच्यासोबतच्या दोन तरुणी यांना रेल्वे पोलिसांनी उत्कल एक्स्प्रेसमधून उतरवून घेतले. तक्रार गाडीतीलच अखिल भारतीय विद्यार्थी परिषदेच्या कार्यकर्त्यांची होती : या मुलींना धर्मांतरासाठी नेले जात आहे. रात्री उशिरापर्यंत चौकशी चालली. निष्पन्न एवढेच झाले की त्या मुली मुळातच कॅथलिक होत्या आणि सुटीसाठी आपल्या घरी चालल्या होत्या.

केरळात तेव्हा विधानसभेची निवडणूक होती, म्हणून प्रकरण गाजले. मुख्यमंत्री पिनराई विजयन यांनी केंद्रीय गृहमंत्र्यांना पत्र लिहिले. अमित शहा यांनी केरळातील प्रचारसभेत कारवाईचे आश्वासन दिले. रेल्वेमंत्र्यांनी हल्ला झाल्याचे नाकारून, कागदपत्रे तपासून प्रवाशांना जाऊ दिले असे सांगितले. एप्रिलच्या आरंभी झाशीत दोघांना अटक झाली. मतदान आटोपले आणि विषयही आटोपला. परंतु राजकीय धुरळा खाली बसल्यावर जो प्रश्न उरतो तो कायद्याचा आहे, आणि त्याहीपेक्षा न्यायाच्या कल्पनेचा आहे. त्या प्रश्नाला कॅथलिक सामाजिक विचाराच्या बाजूने भिडले, तर आपल्या राज्यघटनेतील एका वाक्याचा कुळवृत्तान्त हाती लागतो. तो दिल्लीतील मराठी वाचकाला ठाऊक असावा असे वाटते.

आधी कायदा. उत्तर प्रदेशचा विधिविरुद्ध धर्मांतर प्रतिबंध कायदा त्या घटनेच्या जेमतेम पंधरवडाभर आधी, मार्च 2021 च्या आरंभी, अध्यादेशाची जागा घेऊन अमलात आला होता. बळजबरी व फसवणूक यांना त्यात बंदी आहे, आणि त्याबद्दल कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. खरी मेख ‘प्रलोभन’ या शब्दाच्या व्याख्येत आहे. भेटवस्तू व रोख रक्कम यांखेरीज नोकरी, धार्मिक संस्थेच्या नामांकित शाळेतील मोफत शिक्षण, अधिक चांगले जीवनमान, इतकेच नव्हे तर दैवी कोपाचा धाकदेखील तीत समाविष्ट आहे. धर्म बदलू इच्छिणाऱ्याने साठ दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना घोषणापत्र द्यायचे, मग पोलिसांनी त्याच्या हेतूची चौकशी करायची, आणि निर्दोषत्व सिद्ध करण्याचा भार आरोपीवर. पूर्वीच्या धर्मात परत जाणे मात्र धर्मांतर समजले जाणार नाही. 2024 च्या दुरुस्तीने काही गुन्ह्यांची शिक्षा जन्मठेपेपर्यंत वाढवली आणि तक्रारीचा अधिकार, जो पूर्वी पीडित व्यक्ती व तिचे नातेवाईक यांच्यापुरता होता, तो ‘कोणाही व्यक्ती’ला दिला. झाशीच्या गाडीत जे अनौपचारिकपणे घडले, ते या दुरुस्तीने औपचारिक झाले असे म्हणता येईल.

अशा कायद्यांची परंपरा उत्तर प्रदेशात जन्मली नाही. तिचा एक धागा थेट नागपुरात जातो. जुन्या मध्य प्रदेश सरकारने 1954 मध्ये नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. 1956 च्या तिच्या अहवालाने मिशनऱ्यांच्या शाळा व दवाखाने हीच धर्मांतराची साधने असल्याचा ठपका ठेवला. पुढे 1967 मध्ये ओरिसात आणि 1968 मध्ये मध्य प्रदेशात कायदे झाले, आणि 1977 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने स्टेनिस्लॉस खटल्यात ते वैध ठरवले. धर्माचा प्रसार करण्याच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, हे त्या निकालाचे सार. स्वतःचा धर्म बदलण्याचा जो हक्क त्या दुसऱ्याला आहे, त्याचा विचार त्या निकालात जवळजवळ नाही. दात्याची चौकशी झाली. घेणारा न्यायालयाच्या नजरेतून निसटला.

आता चर्चचे म्हणणे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 7 डिसेंबर 1965 रोजी धर्मस्वातंत्र्यावरचा जाहीरनामा 2308 विरुद्ध 70 मतांनी संमत केला. माणसाच्या श्रद्धेवर राज्याने वा समाजाने बळजबरी करू नये, कारण तसे करणे मानवी प्रतिष्ठेला बाधक आहे, असे तो सांगतो. हे सर्वज्ञात आहे. कमी ज्ञात आहे ते हे की, श्रद्धेचा प्रसार करताना बळजबरीचा किंवा अप्रामाणिक मनधरणीचा वास येईल असे वर्तन टाळावे, गरीब व अशिक्षित यांच्या बाबतीत विशेषच, असेही तोच जाहीरनामा बजावतो. म्हणजे लखनौच्या विधिमंडळाला जी शंका 2021 मध्ये छळत होती, ती रोमला 1965 मध्ये अनोळखी नव्हती. फरक निराकरणात आहे. जाहीरनामा प्रसारकाच्या विवेकाला लगाम घालतो. कायदा गरिबाच्या विवेकावर पहारा बसवतो.

येथे कोणी गोव्याची आठवण करून देईल आणि ते योग्यच होईल. 1560 मध्ये स्थापन झालेले इन्क्विझिशन, मधला अल्प खंड सोडता, 1812 पर्यंत गोव्यात चालू होते. कोकणातल्या कित्येक घराण्यांच्या कुलदैवतांची स्थलांतरे त्या काळाची साक्ष देतात. सद्सद्विवेकाच्या स्वातंत्र्याची भाषा चर्चला फार उशिरा सुचली, हे निर्विवाद आहे. शिवाय ती सुचल्यानंतरही सूर नेहमी सांभाळला गेला असे नाही. नोव्हेंबर 1999 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे याच राजधानीत आले आणि तिसऱ्या सहस्रकात आशिया खंडात श्रद्धेचे मोठे पीक निघेल अशी आशा त्यांनी जाहीरपणे बोलून दाखवली. ज्या देशात ‘पीक’ या शब्दाने निम्मे राजकारण पेटते तेथे हा शब्द वापरण्यात शहाणपण नव्हते. धर्मांतरविरोधी राजकारणाला अशा वाक्यांनी जेवढे इंधन पुरवले, तेवढे कोणत्याही अहवालाने पुरवले नसेल.

तथापि कॅथलिक सामाजिक विचार म्हणजे धर्मप्रसाराचे धोरण नव्हे. त्याचा उगम कारखान्याच्या दाराशी आहे. 15 मे 1891 रोजी पोप लिओ तेरावे यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्रक काढले. मालक व मजूर यांनी राजीखुशीने ठरवलेली मजुरीदेखील, ती कामगाराच्या साध्या निर्वाहाला पुरत नसेल तर, अन्यायाची असते, हा त्यातील कळीचा मुद्दा. करार कायदेशीर असेल. तेवढ्याने तो न्याय्य ठरत नाही. (आपल्याकडे त्याच्या आदल्याच वर्षी, 1890 मध्ये, नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी रविवारची सुटी मिळवली होती. सत्यशोधकाला ही गोष्ट रोमने शिकवावी लागली नाही, हेही नोंदवून ठेवावे.) 1931 मध्ये अकरावे पायस यांनी त्यात भर घातली : जे काम लहान समुदायाला झेपते ते वरच्या सत्तेने हिरावून घेऊ नये. डिसेंबर 1964 मध्ये सहावे पॉल मुंबईला आले असता त्यांनी शस्त्रांवरील खर्चाचा काही भाग जगातील दरिद्री जनतेसाठी राखावा असे आवाहन केले, आणि 1967 च्या ‘पॉप्युलोरुम प्रोग्रेसिओ’ या परिपत्रकात मुंबईतील त्या आवाहनाचा नावानिशी उल्लेख आला. मे 2025 मध्ये निवडून आलेल्या पोपनी लिओ हेच नाव घेतले आणि त्याचे कारण म्हणून 1891 च्या त्या परिपत्रकाकडे बोट दाखवले.

या विचाराचा भारताच्या कायद्याशी संबंध काय, असे विचारले तर बहुतेक जण शाळा, दवाखाने आणि अल्पसंख्याकांचे अनुच्छेद 30 एवढे सांगतील. खरा संबंध राज्यघटनेच्या चौथ्या भागात आहे. राज्याच्या धोरणाची मार्गदर्शक तत्त्वे आपण आयर्लंडच्या 1937 च्या राज्यघटनेवरून घेतली, हे स्पर्धा परीक्षेच्या कोणत्याही उमेदवाराला पाठ असते. परंतु आयर्लंडने ती कोठून आणली, हा पुढचा प्रश्न परीक्षेत येत नाही. एमॉन डी व्हॅलेरा यांना त्या घटनेच्या मसुद्यासाठी टिपणे पुरवणाऱ्यांत एडवर्ड कॅहिल हे जेझुइट होते आणि पुढे डब्लिनचे आर्चबिशप झालेले जॉन चार्ल्स मॅक्वेड होते. 1931 च्या परिपत्रकाची छाया तिच्यावर स्पष्ट आहे. आपले घटनासल्लागार बेनेगल नरसिंग राव 1947 च्या अखेरीस परदेश दौऱ्यावर असताना डब्लिनमध्ये डी व्हॅलेरांना भेटले होते.

आयरिश घटनेचे अनुच्छेद 45 आणि आपले अनुच्छेद 38 शेजारी ठेवून वाचावे. राज्य हे लोककल्याण साधण्यासाठी अशी समाजव्यवस्था प्रस्थापित करण्याचा व जपण्याचा प्रयत्न करील की, राष्ट्रीय जीवनातील सर्व संस्था एका तत्त्वाने भारलेल्या असतील. येथपर्यंत दोन्ही वाक्ये जवळजवळ शब्दशः एक आहेत. ते तत्त्व कोणते? आयरिश घटना म्हणते : न्याय आणि दया. भारताची घटना म्हणते : सामाजिक, आर्थिक व राजनैतिक न्याय. दया वगळली गेली आणि तिच्या रिकाम्या जागी न्यायाला तीन विशेषणे मिळाली.

हा बदल लहान नाही. लॅटिनमधील ‘कारितास’ म्हणजे प्रेम; इंग्रजीत येईपर्यंत त्याचा दानधर्म झाला, आणि भारतात दानधर्म म्हटला की वर एक हात आणि खाली एक हात हे चित्र आपोआप येते. जातीने ज्या समाजात दाता व याचक जन्मतःच ठरवून ठेवले, तेथे दयेला राज्याचे तत्त्व करणे म्हणजे त्या चित्राला घटनात्मक चौकट देणे झाले असते. डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने उद्देशिकेत बंधुता घातली आणि तिच्याशी व्यक्तीची प्रतिष्ठा जोडली. आपले तत्त्वज्ञान फ्रेंच राज्यक्रांतीपासून घेतलेले नाही, ते आपण आपले गुरू बुद्ध यांच्या शिकवणीतून घेतले, असे त्यांनी 1954 च्या आकाशवाणीवरील भाषणात सांगितले आहे. तेव्हा उद्देशिकेतील प्रतिष्ठेचे श्रेय रोमला देण्याची घाई नको. पण अनुच्छेद 38 चे वाक्य डब्लिनमार्गे आले आहे, आणि येताना त्याने दया बंदरावरच उतरवली.

झाशी जिल्ह्यातच मोंठ तहसिलीत समथर नावाचे गाव आहे. कानपूरच्या गाडीने गेले तर मोंठ स्थानकावर उतरावे लागते. गुर्जर राजांचे हे संस्थान. 1817 मध्ये इंग्रजांशी तह करून ते टिकले, 1948 मध्ये विंध्य प्रदेशात विलीन झाले आणि 1950 मध्ये उत्तर प्रदेशात आले. किल्ला आजही उभा आहे. 26 जानेवारी 1950 पूर्वी या गावातील रयतेला दुष्काळात धान्य मिळाले तर ती राजाची कृपा होती, मिळाले नाही तर दैव. त्या दिवशी अनुच्छेद 38 तिला लागू झाले आणि कृपेचा हक्क झाला. निदान कागदावर झाला. बुंदेलखंडाचे पुढचे पाऊणशे वर्षांचे चरित्र दिल्लीकर मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. तो ज्या वसाहतीत राहतो तिच्या विटा वाहणाऱ्यांत बुंदेली बोलणारी कुटुंबे असतात. नोव्हेंबर 2009 मध्ये केंद्राने बुंदेलखंडासाठी 7,266 कोटी रुपयांचे पॅकेज मंजूर केले. त्यानंतरही घराला कुलूप लावून दिल्ली, सुरत गाठणे थांबलेले नाही. अनुच्छेद 43 मध्ये निर्वाह-वेतनाचे आश्वासन आहे. 1891 चे परिपत्रक आणि ते अनुच्छेद एकाच गोष्टीबद्दल बोलतात, आणि समथरचा मजूर दोहोंच्याही बाहेर राहतो.

या प्रदेशात कॅथलिक चर्चचे अस्तित्व किती? 2011 च्या जनगणनेनुसार उत्तर प्रदेशात ख्रिस्ती लोकसंख्या 0.18 टक्के. झाशी धर्मप्रांत 1954 पासून आहे, सेंट ज्यूडचे तीर्थस्थान प्रसिद्ध आहे, शाळांना मागणी आहे. आणि त्या शाळांत मुले घालणारे बहुसंख्य पालक हिंदू आहेत. मोफत शिक्षणाला ‘प्रलोभन’ म्हणणाऱ्या कायद्याने समथरसारख्या गावातील पालकाला प्रत्यक्षात काय सांगितले? श्रीमंताने त्या शाळेत भरपूर शुल्क भरून मूल घातले तर ती निवड. गरिबाचे मूल शुल्काशिवाय शिकले तर तो संशय. श्रीमंताचा विवेक गृहीत धरला आहे, गरिबाचा तपासून घ्यावयाचा आहे.

येथेच राज्याच्या स्वतःच्या वर्तनाकडे पाहावे लागते. संसदेच्या वार्तांकनात गेल्या पंधरा-वीस वर्षांत शब्दांचा एक प्रवास जवळून पाहायला मिळाला. माहितीचा अधिकार 2005, वनहक्क 2006, शिक्षणहक्क 2009, अन्नसुरक्षा 2013 : या कायद्यांच्या चर्चांत ‘हक्कदार’ हा शब्द होता. पुढे सभागृहात आणि बाहेर ‘लाभार्थी’ हा शब्द रूढ झाला. उत्तर प्रदेशात मोफत धान्याच्या पिशव्यांवर पंतप्रधान व मुख्यमंत्र्यांची छायाचित्रे छापली गेली. महाराष्ट्रात विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, 2024 च्या जुलैत, लाडक्या बहिणींना दरमहा 1500 रुपये सुरू झाले. विरोधकांनीही त्यावर अधिक रकमेचे वचन देऊनच उत्तर दिले. त्या स्त्रियांना पैसे मिळू नयेत असे कोण म्हणेल? पण भाऊबीज ही कृपा असते, अनुच्छेद 38 मधील गोष्ट नव्हे. घटनाकारांनी वगळलेली दया अशी मागच्या दाराने परत आली आहे, तीही दात्याच्या छायाचित्रासह. धर्मभगिनीने वही दिली तर प्रलोभन; सरकारने मतदानापूर्वी रोख दिली तर कल्याण. दोहोंतही घेणाऱ्याने मनात काय ठरवले हे विचारण्याची पद्धत नाही.

दयेकडून न्यायाकडे वळलेल्या पाद्र्याचे काय होते, याचे उदाहरण महाराष्ट्राच्या तुरुंगात घडले. फादर स्टॅन स्वामी या जेझुइटाने झारखंडातील आदिवासींमध्ये दवाखाना काढून समाधान मानले असते तर कोणी त्यांची दखल घेतली नसती. ते 1996 च्या पेसा कायद्याची अंमलबजावणी मागत होते, आणि वर्षानुवर्षे खितपत पडलेल्या कच्च्या कैद्यांचा प्रश्न घेऊन न्यायालयात गेले होते. 8 ऑक्टोबर 2020 रोजी भीमा कोरेगाव प्रकरणात त्यांना अटक झाली. माओवाद्यांशी संबंधाचा आरोप त्यांनी नाकारला होता. झाशीच्या घटनेनंतर तिसऱ्या दिवशी, 22 मार्च 2021 ला, विशेष न्यायालयाने त्यांना जामीन नाकारला. कंपवातामुळे पेला हाती धरता येत नसे, म्हणून नळीच्या पेल्यासाठी त्यांना झगडावे लागले. 5 जुलै 2021 रोजी वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात, 84 व्या वर्षी, कोठडीतच ते वारले. मुंबई उच्च न्यायालयात जामिनाची सुनावणी चालू असतानाच ती बातमी न्यायमूर्तींना सांगण्यात आली. आरोप खरे की खोटे हे ठरवणारा खटला उभा राहिलाच नव्हता. वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईसाठी भूमाफियांशी झुंज दिली, त्यांच्याही वाट्याला धमक्या आल्या. परंतु त्यांना मराठीचे कवच होते, आणि 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाने ते अधिक बळकट केले. स्टॅन स्वामींपाशी असे कवच नव्हते.

चर्चने मात्र हाच मापदंड स्वतःला लावला का? अनुसूचित जातींसंबंधीच्या 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशातील तिसऱ्या परिच्छेदाने दलित ख्रिस्तींना सवलतींबाहेर ठेवले. शीख 1956 मध्ये आत आले. दीक्षाभूमीवर धर्म बदललेल्या आपल्या बौद्धांना 1990 पर्यंत, म्हणजे चौतीस वर्षे, थांबावे लागले. ही प्रतीक्षा मराठी अधिकारीवर्गातील अनेकांनी घरात अनुभवली आहे. दलित ख्रिस्तींच्या बाबतीत 1985 च्या सूसाई निकालाने पुरावा मागितला, रंगनाथ मिश्र आयोगाने 2007 मध्ये शिफारस केली, 2022 मध्ये न्या. बालकृष्णन आयोग नेमला गेला. चर्च या मागणीच्या बाजूने दिल्लीत मोर्चे काढते, ते योग्यच आहे. पण भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने स्वतःच्या घरातील जातिभेदाविरुद्धचे दलित धोरण जाहीर केले ते 2016 मध्ये, ‘रेरुम नोव्हारुम’नंतर सव्वाशे वर्षांनी. सरकारकडे न्याय मागणाऱ्या धर्मसंस्थेने आपल्या दलितांना इतकी वर्षे दयेवरच ठेवले होते.

दरम्यान न्यायालये हळूहळू घेणाऱ्याकडे पाहू लागली आहेत. 17 ऑक्टोबर 2025 रोजी न्या. जमशेद पारडीवाला व न्या. मनोज मिश्र यांच्या पीठाने फतेहपूर येथील धर्मांतराचे अनेक गुन्हे रद्द केले. हे प्रकरण कॅथलिकांचे नव्हे, प्रॉटेस्टंटांचे. पण झाशी धर्मप्रांताच्या शेजारचे आणि याच कायद्याखालचे. तक्रार करणारा स्वतः पीडित नव्हता आणि निरपराधांचा छळ करण्याचे हत्यार म्हणून फौजदारी कायदा वापरता येणार नाही, असे न्यायालयाने बजावले. पण त्यावेळचा कायदा तिऱ्हाइताला तक्रारीचा अधिकारच देत नव्हता, आणि 2024 च्या दुरुस्तीने नेमका तोच दिला. तेव्हा त्या निकालाचा आधार पुढच्या आरोपींना तितकाच मिळेल असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. अशा कायद्यांच्या वैधतेवरील याचिकांवर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2021 मध्ये नोटिसा काढल्या. सप्टेंबर 2025 मध्ये ते राज्यांकडे उत्तरे मागत होते. मधल्या काळात, 25 जुलै 2025 रोजी, छत्तीसगडमधील दुर्ग स्थानकावर केरळच्या आणखी दोन धर्मभगिनींना अटक झाली. झाशीत निदान रात्रीतून सुटका झाली होती. दुर्गमध्ये जामिनाला आठ दिवस लागले.

महाराष्ट्र सरकारनेही फेब्रुवारी 2025 मध्ये पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून या वाटेवर पाऊल टाकले. राजधानीतील जे मराठी अधिकारी अशा मसुद्यांवर टिपणी लिहितात, त्यांनी शिक्षेच्या कलमांआधी व्याख्येचे कलम वाचावे. त्यात ‘मोफत शिक्षण’ आणि ‘अधिक चांगले जीवनमान’ हे शब्द आढळले, तर हाताशी अनुच्छेद 38 उघडे ठेवून विचारावे की समथरच्या मजुराला या दोन गोष्टी देण्याचे काम मुळात कोणाकडे सोपवले होते.